स्टोव्ह का फुरफुरतो, का भडकतो?

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, घर गरम ठेवण्यासाठी भट्टी कोणी बांधत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा अंगात स्वेटर आणि आंघोळीला कढत पाणी एवढ्यावर भागते. हे पाणी तापवायला बंब होता, चूल होती आणि घरात धूर नको असेल तर रॉकेलचा स्टोव्ह होता. थंड देशांत तळघरातली तेलाची भट्टी अख्खे घर उबदार ठेवते. आपला पितळी स्टोव्ह हा त्याच घराण्यातला धाकटा भाऊ.

आता गॅस बहुतेक घरांत पोचला आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर रेशनचे रॉकेल झपाट्याने कमी होत गेले आणि स्टोव्ह माळ्यावर जाऊन पडला. शिक्षकांनी तो खाली काढावा, असे सुचवावेसे वाटते. ज्वलनाचा धडा शिकवायला याच्याइतके उघडे यंत्र सहसा मिळत नाही. गॅसच्या शेगडीत इंधन आयतेच वायुरूपात येते. स्टोव्हला मात्र द्रवाचा वायू करण्याचे काम स्वतःच करावे लागते आणि त्यात जरा कमी-जास्त झाले की तो लगेच कळवतो. कधी फुरफुरतो, कधी काजळी धरतो, कधी भडकतो. स्टोव्ह दुरुस्त करणारा कारागीर ज्योतीकडे पाहून आणि आवाज ऐकून बिघाड ओळखतो. त्याच्या या निदानामागे एकच सूत्र आहे: तेल जळत नाही, तेलाची वाफ जळते.

हे सूत्र वर्गात दाखवायला रॉकेलची गरज नाही, मेणबत्ती पुरते. मेणबत्ती दोन-तीन मिनिटे जळू द्या आणि हलकेच फुंकून विझवा. वातीतून पांढरट धुराची रेघ वर चढते. या रेघेला, वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, पेटती काडी लावा. ज्योत रेघेवरून खाली उडी मारून वात पुन्हा पेटवते. खोलीत वारा असेल तर हे साधत नाही, म्हणून पंखा बंद ठेवा. ती पांढरी रेघ म्हणजे मेणाची न जळलेली वाफ, थंड हवेत गोठून दिसू लागलेली. मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. तेव्हापासून ही मेणबत्ती विज्ञानाच्या शिक्षकांच्या हाती आहे.

रॉकेल हा एकच पदार्थ नव्हे. सुमारे १५० ते ३०० अंश सेल्सियसच्या दरम्यान उकळणाऱ्या अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. साध्या तापमानाला त्याची वाफ फार थोडी होते. वरची वाफ ठिणगीने क्षणभर पेटेल एवढी दाट होण्यासाठी द्रव ज्या तापमानापर्यंत तापावा लागतो, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानकानुसार रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३५ अंशांपेक्षा कमी असता कामा नये. पेट्रोलचा तो शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास असतो. स्टोव्हमध्ये पेट्रोल का घालू नये याचे कारण या दोन आकड्यांत आहे. रॉकेलमध्ये पेट्रोलची थोडी भेसळसुद्धा मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट खाली खेचते, कारण आधी उडून जाते ते हलकेच इंधन.

वाफ करण्याचे दोन मार्ग आणि म्हणून स्टोव्हचे दोन प्रकार. वातींच्या स्टोव्हमध्ये तेल केशाकर्षणाने वर चढते आणि वातीच्या टोकाशी तापून त्याची वाफ होते. ही वाफ एकात एक बसवलेल्या, भोके पाडलेल्या दोन पत्र्यांच्या नळकांड्यांमधून जाताना भोकांतून आत येणाऱ्या हवेत मिसळते आणि निळी जळते. इंडियन ऑईलच्या संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘नूतन’ हा याच जातीचा. याचे बिघाड मोजकेच. वाती कमी-जास्त उंचीच्या झाल्या, नळकांडी तिरकी बसली किंवा भोके काजळीने बुजली की हवा आणि वाफ यांचा मेळ बिघडतो व ज्योत पिवळी होते. तेल संपेपर्यंत स्टोव्ह चालू ठेवला तर वातीला गार ठेवणारे तेल उरत नाही आणि वात स्वतःच जळते. जळून कडक झालेल्या टोकात केशनलिका उरत नाहीत, म्हणून ते टोक कापावे लागते. हा स्टोव्ह विझवल्यावर घरभर सुटणारा उग्र वास म्हणजे मेणबत्तीची तीच पांढरी रेघ, फक्त दहा वातींची.

खरी गंमत, आणि खरा धोका, हवा भरायच्या स्टोव्हमध्ये आहे. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२ मध्ये तो बनवला आणि त्याचे ‘प्रायमस’ हे नाव आपल्याकडेही रुळले. याला वात नाही. खाली पितळी टाकी, तिच्या बाजूला पंप, वर बर्नर. पंपाने टाकीतल्या हवेचा दाब वाढवला की ती हवा तेलाला मधल्या नळीतून वर ढकलते. बर्नरमध्ये तेल वळणावळणाच्या नळ्यांतून फिरते. या नळ्या ज्योतीनेच तापलेल्या असतात, त्यामुळे तेलाची आतल्या आत वाफ होते. ती वाफ मधोमध बसवलेल्या निप्पलच्या बारीक भोकातून जोराने वर उसळते, जाता जाता भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून घेते आणि वरच्या तबकडीवर आदळून चहूबाजूंनी निळी जळते. स्टोव्हचा तो ओळखीचा घरघराट म्हणजे या वेगवान मिश्रणाचा आवाज.

पण यात एक पेच आहे. वाफ व्हायला बर्नर तापलेला हवा आणि बर्नर तापायला वाफ जळायला हवी. हे कोडे सोडवतो तो काकडा. तारेच्या टोकाला गुंडाळलेली चिंधी रॉकेलमध्ये किंवा स्पिरिटमध्ये भिजवायची, पेटवून बर्नरच्या मानेभोवती अडकवायची आणि तो पुरता विझत आला की मगच पंप मारायचा. स्टोव्हच्या अर्ध्याअधिक तक्रारी घाईने संपवलेल्या काकड्यापाशी सुरू होतात. बर्नर पुरेसा तापला नसेल तर निप्पलमधून वाफेऐवजी तेलाची धार उडते. ती वर जाऊन पसरते, काकड्याच्या उरलेल्या ज्योतीवर पेटते आणि हातभर उंचीचा पिवळा, काळा धूर ओकणारा भडका होतो. अशा वेळी माणसे दोन चुका करतात. एक म्हणजे आणखी हवा भरतात, जेणेकरून ‘नीट पेटेल’. दुसरी म्हणजे पाणी ओततात. पहिलीने धार वाढते. दुसरीने रॉकेल पाण्यावर तरंगत जमिनीभर पेटत जाते. करायचे काम एकच: टाकीवरची हवा सोडायची चावी सैल करणे. दाब गेला की धार थांबते आणि भडका आपोआप बसतो. चावीपर्यंत हात नेता येत नसेल तर दूर होऊन जाड, ओल्या गोणपाटाने स्टोव्ह झाकावा. नंतर तो पूर्ण गार होऊ द्यावा, सांडलेले तेल पुसावे आणि पुन्हा काकड्यापासून सुरुवात करावी. तापलेल्या स्टोव्हमध्ये तेल भरणे किंवा तेलाने चिंब झालेला बर्नर तसाच पेटवणे हे अपघाताला निमंत्रणच.

आता ज्योत व्यवस्थित पेटली आहे असे समजू आणि तिची लक्षणे वाचू. ज्योत निळी आहे पण बारीक, आवाज दबलेला. निप्पलमध्ये कोळशाचा कण अडकला आहे, पिन मारायची. पिन मारूनही तेच, तर अडथळा आत आहे. बर्नरच्या नळ्यांत तेल वर्षानुवर्षे तापून त्याचा कोळसा धरतो, रक्तवाहिनीत चरबी धरावी तसा. कारागीर बर्नर उतरवून भट्टीत लाल तापवतो आणि हवा देतो. आतला कोळसा जळून किंवा सुटून जातो. दमट रॉकेल असेल तर लक्षण वेगळे. ज्योत मध्येच तुटते, ‘फुर्र फुर्र’ करते, पुन्हा लागते. पाणी रॉकेलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते आणि तेल उचलणारी नळी तळापासूनच उचलते. पाण्याचा थेंब तापलेल्या नळीत गेला की त्याची वाफ होते, साध्या दाबाला सुमारे सोळाशे पट जागा व्यापणारी. ती जळत तर नाहीच, वर तेलाची वाट अडवते. टाकी रिकामी करून, उन्हात वाळवून, तेल दाट कापडातून गाळून भरले की ही फुरफुर जाते.

ज्योत एका बाजूला झुकलेली आणि पिवळी दिसली तर निप्पलचे भोक खराब झाले आहे. हे भोक सुमारे ०.३ मिलिमीटर व्यासाचे असते. घरात हाताशी असलेली जाड सुई किंवा तार त्यात दोन-चार वेळा घुसवली की ते मोठे आणि वाकडे होते. व्यास ०.३० वरून ०.३६ मिलिमीटर झाला तर वाढ फक्त ०.०६ मिलिमीटरची, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १.२ चा वर्ग, १.४४. वाफ सुमारे चव्वेचाळीस टक्के जास्त येऊ लागली आणि तिच्याबरोबर ओढली जाणारी हवा मात्र त्या मानाने वाढली नाही. काजळी धरणारच. गणिताच्या शिक्षकांनी वर्गाच्या प्रमाणाचे हे उदाहरण जरूर घ्यावे. उपाय अर्थात निप्पल बदलणे. ते भोक पुन्हा लहान करता येत नाही.

पंपाचे दुखणे बहुधा चामड्याचे असते. दट्ट्याच्या टोकाला चामड्याची वाटीसारखी वायसर असते. दट्ट्या खाली जाताना हवेच्या दाबाने तिची कड फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, वर येताना सैल पडून हवा आत घेते. चामडे वाळून आकसले की दट्ट्या नुसता पोकळ सरकतो. दोन थेंब गोडे तेल चोळून कडा बोटाने फाकवल्या की पंप पुन्हा धरतो. उलट, हवा भरून हात काढल्यावर दट्ट्या आपोआप वर उठत असेल किंवा पंपाच्या नळीत रॉकेल दिसत असेल, तर पंपाच्या तळाची एकमार्गी झडप गेली आहे आणि असा स्टोव्ह पेटवू नये. बर्नर टाकीला जिथे बसतो तिथली शिशाची चकती, टाकीच्या झाकणाची वायसर, सांधे, यांतून हवा निसटते का हे साबणाचा फेस लावून पाहता येते. न पेटवता, गार स्टोव्हवर, हे वेगळे सांगायला नको.

काजळीचा हिशोब मांडायचा तर हवेचा हिशोब मांडावा लागेल. सोयीसाठी रॉकेल म्हणजे निव्वळ डोडेकेन समजू. त्याच्या रेणूत कार्बनचे १२ आणि हायड्रोजनचे २६ अणू. पूर्ण जळायला या एका रेणूला ऑक्सिजनचे साडेअठरा रेणू लागतात. वजनात सांगायचे तर १७० ग्रॅम डोडेकेनला ५९२ ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे एक किलो तेलाला साधारण १५ किलो हवा. एक लिटर रॉकेलचे वजन ८०० ग्रॅमच्या आसपास धरले तर त्याला १२ किलो हवा लागेल आणि तिचे आकारमान भरेल १० घनमीटर! तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत २७ घनमीटर हवा असते. पाहुण्यांच्या आंघोळीसाठी दार-खिडकी लावून स्टोव्ह चालवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. ऑक्सिजन कमी पडू लागला की आधी काजळी आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. काजळी दिसते, हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर धोक्याचा ठरतो तो याच कारणाने.

याच हिशोबातून आणखी एक मजेदार उत्तर निघते. १७० ग्रॅम डोडेकेनपासून २३४ ग्रॅम पाणी तयार होते. म्हणजे एक लिटर रॉकेल जळाले की सुमारे १.१ लिटर पाणी! हिवाळ्यात गार पाण्याचे पातेले स्टोव्हवर ठेवल्यावर पहिल्या मिनिटात त्याचे बूड ओले होते. पातेले गळते आहे असे समजून लोक ते उचलून पाहतात. ते पाणी रॉकेलमधून आलेले असते.

आता त्या प्रश्नाकडे वळू, जो शाळेत सहसा विचारला जात नाही. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही ओळ महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत, विशेषतः १९८० च्या दशकात, वारंवार छापून येत असे. त्यातले काही अपघात खरोखरचे होते. जमिनीवर ठेवलेला स्टोव्ह, शेजारी बसून केलेला स्वयंपाक, नायलॉनच्या साडीचा सुटा पदर आणि वर सांगितलेली तेलाची धार, एवढे पुरते. पण काही अपघात नव्हते. हुंड्यासाठी छळ करून जाळल्याच्या तक्रारी वाढल्या, महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये भारतीय दंडविधानात ४९८-अ हे छळाचे कलम आले, १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ८५ आणि ८० या क्रमांकांची कलमे आहेत.

स्टोव्हचे विज्ञान इथे साक्षीला येते. स्टोव्ह स्वतःहून ‘फुटतो’ हा समज बराचसा ऐकीव आहे. टाकीत तेलावर हवा आणि थोडी वाफ असते. ती पेटायची तर वाफेचे प्रमाण पुरेसे हवे आणि ज्योत टाकीच्या आत पोचायला हवी. हवा भरल्याने वाफेचे प्रमाण उलट कमीच होते: टाकीतला एकूण दाब दुप्पट केला तरी रॉकेलच्या वाफेचा दाब तापमानावर ठरतो, तो तेवढाच राहतो, म्हणून मिश्रणातला तिचा वाटा निम्मा होतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे आंशिक दाबाच्या नियमावरून ताडून पाहावे. पेट्रोलची भेसळ, बाहेरून टाकीला लागलेली आग, उसवलेला सांधा अशा कारणांनी टाकी फाटू शकते. पण मग ती फाटलेली सापडते. भडका उडाला असेल तर बर्नरवर, तबकडीवर आणि आसपास ओल्या काजळीचा थर सापडतो. टाकी शाबूत, चावी बंद, बर्नर स्वच्छ आणि तेल मात्र डोक्यावर आणि पाठीवर, असे असेल तर भडका कुठून आला हा प्रश्न विचारावाच लागतो. एकट्या स्टोव्हवरून खटल्याचा निकाल लागत नाही. मात्र पंचनाम्यात ‘स्टोव्हचा भडका’ हे दोन शब्द लिहिण्यापूर्वी स्टोव्ह उघडून पाहायला हवा, एवढे या यंत्राची माहिती असलेला कोणीही सांगू शकेल. गावातला विज्ञान शिक्षकसुद्धा.

कपड्यांनी पेट घेतल्यास पळू नये, जमिनीवर लोळावे किंवा सुती गोधडीत गुंडाळावे. भाजलेल्या जागेवर वीसेक मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, हळद यांतले काही लावू नये.

स्टोव्हमध्ये जे काम तापलेल्या नळ्या करतात, ते मोठ्या भट्टीत वेगळ्या रीतीने होते. लग्नाच्या स्वयंपाकाला आचारी डिझेलची भट्टी लावतात, तिला विजेचा पंखा जोडलेला असतो. इथे हवा वाफेबरोबर ओढली जाण्याची वाट पाहायची नाही, पंखा ती हवी तेवढी कोंबतो. पंखा कमी पडला की काळा धूर, जास्त झाला की ज्योत उडून जाते. चिकलठाणा-वाळूजच्या औद्योगिक वसाहतींतून फिरताना तेलावर चालणाऱ्या बॉयलरच्या धुराड्याकडे पाहिले तरी हवेचे प्रमाण साधले आहे की नाही याचा अंदाज येतो.

आणि आता थोरला भाऊ. अमेरिकेच्या ईशान्य भागात, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, मेन या राज्यांत, घरांच्या तळघरात तेलाची भट्टी असते. मेनमध्ये तर निम्म्याहून अधिक घरे तेलावर गरम होतात. बॉस्टनच्या आसपास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यात हे प्रकरण समजून घ्यावे लागते. तिथले तेल आपल्या डिझेलच्या जवळचे. पंप ते दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक दाबाने निप्पलमधून सोडतो. त्या दाबाने तेलाचे धुक्यासारखे बारीक तुषार होतात. थेंब जितका लहान तितके त्याचे पृष्ठफळ आकारमानाच्या मानाने मोठे, म्हणून वाफ झटकन होते. काकड्याच्या जागी सुमारे दहा हजार व्होल्टची ठिणगी, आणि पंखा हवा देतो. दरवर्षी हिवाळ्यापूर्वी कारागीर येऊन निप्पल बदलतो, गाळणी बदलतो, काजळी झाडतो आणि धुरातला काही भाग पांढऱ्या कागदातून ओढून कागदावरचा डाग शून्य ते नऊ अशा छटांच्या पट्टीशी ताडून पाहतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत दवाचे पाणी जमून ज्योत तुटणे, हा बिघाड आपल्याप्रमाणे तिथेही आहेच.

या भट्टीत माणसाच्या जागी एक डोळा बसवलेला असतो. कॅडमियम सल्फाइडचा तुकडा. प्रकाश पडला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. ठिणगी आणि तेल सुरू झाल्यावर ठरावीक सेकंदांत या डोळ्याला ज्योत दिसली नाही तर यंत्रणा तेल बंद करते आणि थांबून राहते. मग घरमालकाला एक तांबडे बटण दाबून पुन्हा प्रयत्न करता येतो. ते एकदाच दाबायचे असते. थंडीने कुडकुडणारा माणूस ते पाच-सहा वेळा दाबतो. प्रत्येक वेळी न पेटलेले तेल भट्टीत साचत जाते आणि शेवटी ठिणगी लागते तेव्हा ते सगळे एकदम पेटून धुराड्याचे सांधे उखडतात, घरभर काजळी उडते. तिथले कारागीर फोनवर पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की बटण किती वेळा दाबले.